इंग्लंडातली अलॉटमेंट: आपल्या भाज्या, त्यांचे महिने आणि त्यांची दुखणी

विळाकोयता

मंडळी, दर फेब्रुवारीत तेच प्रश्न येतात. मेथी कधी टाकू, दुधी बाहेर होईल का, नाशिकच्या कांद्याचं बी चालेल का. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. ब्रिटनमधल्या अलॉटमेंटपुरताच (भाज्या पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) ठेवूया, बाल्कनीतल्या कुंड्या इथे नकोत.

आधी माप. करारावर "१० रॉड" किंवा "१० पोल" लिहिलेलं असतं आणि नवा माणूस गोंधळतो. आपल्याला सोपं आहे: ४ चौरस रॉड म्हणजे बरोबर एक गुंठा. म्हणजे पूर्ण प्लॉट अडीच गुंठे (साधारण २५० चौ.मी.), आणि हल्ली बहुतेक ठिकाणी मिळतो तो अर्धा प्लॉट सव्वा गुंठा. चार माणसांच्या घराला, नोकरी सांभाळून, सव्वा गुंठा भरपूर होतो. १९२२ च्या कायद्याप्रमाणे पीक मुख्यतः घरच्या खाण्यासाठी असावं लागतं. जास्तीची मेथी शेजारी वाटा, दुकान मांडू नका.

आता खरा मुद्दा. थंडीची काळजी सगळे करतात, दिवस किती मोठा आहे याचा विचार फार थोडे करतात. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. लंडनला तो साडेसोळा तासांच्या वर जातो, एडिंबरोला साडेसतरा. आपल्या बऱ्याच भाज्या इथे फसतात त्या या उजेडामुळे.

कांदा बघा. महाराष्ट्रातल्या जातींना गड्डा धरायला अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. इथे मार्चमध्ये पेरलात तर रोप उगवून येईपर्यंत दिवस त्याहून मोठा झालेला असतो. पात वाढायच्या आधीच रोप गड्डा धरतं आणि गोटीएवढं राहून मान टाकतं. म्हणून इथे लांब दिवसाच्या जातीच लावा: स्टुरॉन, रेड बॅरन. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये सेट्स (लावणीचे छोटे कांदे) लावायचे, दोन कांद्यांत १० सेमी, ओळींत २५ ते ३०. शेंडा जेमतेम दिसेल इतकंच दाबा, नाहीतर कबुतरं उपटून ठेवतात. रेड बॅरनला डेंगळे लवकर येतात. त्यासाठी "हीट ट्रीटेड" लिहिलेले सेट्स मिळतात, ते घ्या.

पालकाचं उलटं. इथला खरा स्पिनच मे-जूनच्या लांब दिवसांत चार पानांवरच फुलोऱ्यावर येतो. तो मार्च-एप्रिल किंवा ऑगस्टअखेर पेरायचा. मधल्या काळासाठी "परपेच्युअल स्पिनच" लावा. नाव काहीही असो, ते बीटाच्या जातीचं आहे, आणि आपला देशी पालकही बीटाच्याच जातीचा. एप्रिलमध्ये २५ सेमी अंतरावर एक ओळ टाकली की बाहेरची पानं खुडत पुढच्या वसंतापर्यंत पुरते.

बाकीचं तुम्ही भरा.

गवतीचहा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पालेभाज्या मी घेते.

मेथी: वाण्याकडचे मेथीदाणे चालतात, बियांचं महागडं पाकीट घ्यायची गरज नाही. एक रात्र भिजवा. चौरस मीटरला दोन-अडीच चमचे दाणे फोकून पेरा, वर एक सेमी माती, हाताने थापून घ्या. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दर तीन आठवड्यांनी एक छोटा वाफा. पाच-सहा आठवड्यांत काढणीला येते. रोपं करून लावायच्या भानगडीत पडू नका, मुळं हलवलेली मेथीला सोसत नाहीत. युरिया वगैरे अजिबात नको, ती शेंगवर्गातली आहे.

कोथिंबीर: धणे लाटण्याखाली हलके दाबून दोन फाकी करा, चुरा करू नका. जूनमध्ये पेरलेली महिन्याभरात फुलते, कारण उष्णता, कोरडी माती आणि लांब दिवस तिघेही एकदम. त्यातल्या त्यात कॅलिप्सो, क्रूझर, लीझर या जाती उशिरा फुलतात. पण खरा उपाय म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातली पेरणी. दिवस उतरणीला लागलेले असतात, पानं तळहाताएवढी होतात, आणि वर फ्लीस (थंडीपासून जपणारं हलकं कापड) टाकलं तर दक्षिणेकडे नोव्हेंबरपर्यंत तोडता येते.

शेपू: तशीच थेट पेरायची, एप्रिल ते जुलै, दर तीन आठवड्यांनी. वीत-दीड वीत झाली की मुळासकट काढा. वाट बघितलीत तर हाती दांडा आणि फुलं येतील.

माठ: लाल आणि हिरवा, दोन्ही इथे छान येतात, पण मेअखेरीच्या आधी पेरू नका. १५ अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं. बारीक बी वाळूत मिसळून पेरा. साइटवर कॅरिबियन मंडळी असतील तर त्यांच्या वाफ्यात "कॅलालू" म्हणून हाच माठ दिसेल. त्यांच्याकडून बी मागून घ्या, इथल्या हवेत रुळलेलं असतं.

चुक्याऐवजी इथला सॉरेल लावा. एकदा लावला की वर्षानुवर्षं येतो, वरणात तितकाच आंबट लागतो. फक्त फुलाचा दांडा दिसला की कापायचा.

नवीकुदळ

ताई, धन्यवाद, हेच हवं होतं. एक अडचण विचारतो. अर्धा प्लॉट मिळतोय, त्यावर कमरेएवढं गवत, पांढऱ्या लांब मुळांचं, आणि त्यातून पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांची वेल. रोटाव्हेटर भाड्याने आणून एका दिवसात उरकावं का?

कोरडवाहू

@नवीकुदळ, रोटाव्हेटर नको! ते गवत म्हणजे काऊच ग्रास, इकडची हरळीच समजा. वेल बाइंडवीड. दोन्हींच्या मुळाचा बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. रोटाव्हेटर एका मुळाचे पन्नास तुकडे करून सगळ्या प्लॉटभर पसरवतो. पंधरा दिवस रान स्वच्छ दिसतं, महिन्याने आधीपेक्षा दाट.

असं करा. गवत बुडाशी कापा. वर तपकिरी पुठ्ठा अंथरा, चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, दोन पुठ्ठ्यांची कड एकमेकांवर किमान १५ सेमी चढली पाहिजे. फट राहिली की बाइंडवीडला नेमकी तीच सापडते. पुठ्ठा चिंब भिजवा आणि त्यावर १० ते १५ सेमी कुजलेलं कंपोस्ट. हिशोब आधी मांडा: १.२ मी. रुंद आणि ५ मी. लांब वाफ्याला १० सेमी थरासाठी ६०० लिटर लागतं. ५० लिटरच्या बारा पिशव्या झाल्या. म्हणजे अख्खा प्लॉट एका वर्षात असा करणं खिशाला झेपत नाही. पहिल्या वर्षी असे तीन-चार वाफे करा, बाकी जमीन काळ्या प्लॅस्टिकखाली पूर्ण एक उन्हाळा झाकून ठेवा. जुने गालिचे मात्र टाकू नका. त्यातली रसायनं मातीत उतरतात, धागे निघता निघत नाहीत, आणि बहुतेक साइट्सवर बंदीच आहे.

वाफा १.२ मीटरपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय पडत नाही.

विळाकोयता

सहमत, एक पुस्ती. बटाट्यासाठी मी पुठ्ठ्याच्या बाजूचा नाही. काऊच असलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी काटेरी फावड्याने (दाते असलेलं, सपाट पात्याचं नको) खणून बटाटा लावावा. सरी ओढताना आणि काढताना दोनतीनदा माती उलटते, दर वेळी मुळं हाताला लागतात.

कोरडवाहू

बटाटा जमीन साफ करतो हा इथला लाडका समज आहे. साफ करतो तो खणणारा :) पण पद्धत चालेल.

मुळ्याचीशेंग

शेणखताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण पहिल्या वर्षी सगळे तबेल्यातून फुकट घोडखत आणतात.

कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक वापरतात. गवताला ते काही करत नाही. ते गवत घोडा खातो, औषध लिदीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि खत वर्षभर कुजवलं तरी उरू शकतं. मग त्या वाफ्यातले टोमॅटो, बटाटे, वाटाणे आणि घेवडा यांची नवी पानं वाटीसारखी वळतात, शेंडा नेच्याच्या कोंबासारखा आकसतो. २००८ पासून इथल्या अलॉटमेंट्सवर ही तक्रार वारंवार आली आहे. लोक त्याला विषाणू समजून फवारण्या करत बसतात.

खत पसरण्याआधी चाचणी घ्या, खर्च शून्य. ढिगाच्या चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून खत घ्या, निम्म्याला निम्मं साधं कंपोस्ट मिसळा, तीन कुंड्या भरा. दुसऱ्या तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. प्रत्येकीत ब्रॉड बीनच्या तीन बिया. प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी ठेवा, नाहीतर एकीचं पाणी दुसरीत जातं आणि चाचणी वाया. तीन-चार आठवडे थांबा. खतातल्या रोपांची पानं वळली आणि दुसरी सरळ राहिली, तर ढीग परत.

आधीच पसरलं असेल तर त्या वाफ्यात त्या वर्षी मका लावा, त्याला बाधत नाही, आणि माती अधूनमधून उलटत राहा. मातीतले जीवाणूच हे औषध फोडतात, त्यांना हवा आणि ऊब लागते. त्या मक्याची ताटं आणि तिथलं गवत मात्र कंपोस्टच्या ढिगात टाकू नका.

उत्तरायण

अबरडीनकडून रामराम. वरच्या सगळ्या तारखा दक्षिण इंग्लंडच्या आहेत हे ध्यानात ठेवा. तिकडे शेवटचं हिव मेच्या मध्यापर्यंत, इकडे मेअखेर, कधी जूनचा पहिला आठवडा. मेथी आम्ही मेच्या शेवटी पेरतो. उलट लांब दिवसाचा त्रास इकडे जास्त, त्यामुळे कोथिंबीर जुलैअखेरच टाकलेली बरी, ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबलात तर वाढायला ऊबच उरत नाही.

मुळ्याचं कुणीतरी सांगा. मे महिन्यात पेरलेल्या मुळीला इकडे कायम फुलंच येतात.

मुळ्याचीशेंग

नावाला जागून उत्तर देते. पांढरा लांब मुळा (इथे "मूली" नावानेच बी मिळतं) २१ जूनच्या आधी पेरायचाच नाही. दिवस वाढत असताना तो फुलायची तयारी करतो. जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तुमच्याकडे जुलैतच, एक सेमी खोल, विरळणी करून १५ सेमी अंतर. मिनोवासे जात जुनी आणि भरवशाची. एप्रिल क्रॉस त्या मानाने उशिरा फुलते. माती वीतभर खोल भुसभुशीत हवी, दगड लागला की मुळा दुभंगतो. ताजं शेणखत घातलेल्या वाफ्यातही फाटे फुटतात.

पेरल्या दिवसापासून जाळी घाला. पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो तो उड्या मारणारा काळा बीटल, त्याला ०.८ मिमीची बारीक जाळी लागते. मुळात अळी सोडणाऱ्या माशीला १.३ मिमीची पुरते. म्हणून बारीकच घ्या.

आणि जो फुलला त्याला उपटू नका. शेंगा धरू द्या, कोवळ्या असतानाच तोडा, डिंगऱ्यांची भाजी इंग्लंडात फुकट मिळते. शेंग नखाने सहज तुटली पाहिजे, जून झाली की नुसता चोथा.

कोरडवाहू

मुळा आला की क्लबरूट आलंच. मुळा, मोहरी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम ही एकाच कुळातली. आपण सरसोंसाठी मोहरी वेगळ्या वाफ्यात, मुळा वेगळ्या, कोबी तिसऱ्या, असं करतो आणि सगळ्या प्लॉटला रोग लावून घेतो. दुपारी पानं मलूल, उपटलं तर मुळं सुजून बोटांसारखी. त्याचे बीजाणू मातीत वीस वर्षांपर्यंत तग धरतात. कुळ एकत्र ठेवा, चार वर्षांनी त्याच वाफ्यात या. शेजाऱ्याच्या प्लॉटवरची कोबीची रोपं घेऊ नका, बुटाला लागलेली माती धुवा.

मातीचा सामू (pH) ७ ते ७.५ च्या दरम्यान ठेवला तर रोग दबतो. सामू तपासायचं किट घ्या आणि चुना पाकिटावरच्या प्रमाणात, शरद ऋतूत, शेणखताबरोबरच मिसळून टाका.

मुळ्याचीशेंग

@कोरडवाहू, शेवटचं वाक्य दुरुस्त करा प्लीज. चुना आणि शेणखत एकत्र नको. दोन्ही भेटले की खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चुना शरदात, खत वसंतात, मध्ये काही महिने. आणि बटाट्याच्या वाफ्याला चुना देऊच नका, सालीवर खवडे पडतात.

कोरडवाहू

बरोबर आहे. घाईत लिहिलं. मुळ्याचीशेंग म्हणतात तसंच करा.

नवीकुदळ

पॉलिटनेलची (प्लॅस्टिकने झाकलेला बोगदा) परवानगी मिळू शकते असं साइटवरून कळलं. मग दुधी, कारलं, भेंडी, वांगी सगळंच लावता येईल ना? शिवाय वाल आणि गवारीचं बी पुण्याहून कुणी आणून देणार आहे.

गवतीचहा

बियांचं आधी. भारतातून पेरणीसाठी बी आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. बॅगेत पुडी टाकून आणणं नियमबाह्य आहे, आणि बियांतून रोग येतो म्हणूनच तो नियम आहे. इथल्या बियाणे कंपन्या दुधी, कारलं, भेंडी, मेथी सगळं विकतात.

वाल लहान दिवसाचा. जून-जुलैत मांडव हिरवागार होतो, फूल सप्टेंबरात दिवस बारा-तेरा तासांवर आल्यावर, आणि शेंग भरायच्या आत हिव पडतं. अर्का जय, अर्का विजय अशा दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या झुडुपी जाती भारतात निघाल्या आहेत, पण त्यांचं बी इथे रीतसर मिळालं तरच. गवारीला उन्हाळा पुरत नाही, सोडून द्या. त्याऐवजी रनर बीन लावा: २.४ मी. बांबू, मेच्या मध्यावर थेट जमिनीत ५ सेमी खोल, प्रत्येक बांबूशी दोन बिया, एक ठेवायची. शेंगा वीतभर लांब असतानाच तोडा, बारीक चिरून खोबरं घातलं की घेवड्याची उणीव भासत नाही. कच्च्या मात्र खायच्या नाहीत.

विळाकोयता

पॉलिटनेलमध्ये प्रत्येकाला वेगळी वागणूक.

वांगी: फेब्रुवारीत घरातच पेरा, २१ ते २५ अंश. रोप ३० सेमी झालं की शेंडा खुडा. मोठ्या जातीच्या झाडावर पाच-सहाच फळं ठेवा, लहान भरली वांगी जास्त ठेवता येतात. हवा कोरडी पडली की पानांखाली लाल कोळी येतो, पानं पिवळ्या ठिपक्यांनी भरतात. रोज सकाळी टनेलची जमीन भिजवा.

भेंडी: माती १८ अंशांच्या वर जाईपर्यंत लावू नका. बोटाएवढी झाली की तोडा, दोन दिवस उशीर झाला तर दोर होतात.

दुधी: एप्रिलच्या मध्यावर, बी चोवीस तास भिजवून, ९ सेमीच्या कुंडीत आडवं. २२ ते २५ अंशांत एक-दोन आठवड्यांत उगवतं. टनेलमध्ये जूनच्या आरंभी, दोन वेलांत किमान एक मीटर. मुख्य वेल दोन मीटरची झाली की शेंडा मोडा, कारण मादी फुलं बहुतेक बगलफुटींवर येतात. टोमॅटोचं पोटॅशवालं खत दर आठवड्याला, पण पहिलं फळ धरल्यावर. आधीपासून दिलेलं नत्र नुसती पानं वाढवतं.

उत्तरायण

आणि दुधीची बोटभर फळं पिवळी पडून गळतात ती परागीभवनाअभावी. पाणी वाढवून काही होत नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं, त्या वेळी इथे टनेलमध्ये मधमाशी नसते. उन्हं उतरल्यावर नर फूल (मागे फळ नसलेलं, लांब देठाचं) तोडा, पाकळ्या मागे वळवा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. पराग बोटाला लागला नाही तर दुसरं फूल घ्या. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, ते काम नऊच्या आत. रात्री दहा-बारा अंशांच्या खाली जात असतील तर हे सगळं करूनही फळ धरत नाही, म्हणून आमच्याकडे दुधी जुलै-ऑगस्टपुरताच.

नखाने साल सहज दबते तोवर तोडा. तोडल्यावर एक चकती चाखून बघा. कडू लागला तर सरळ कंपोस्टात. ते कडूपण विषारी असतं, शिजवून जात नाही. घरचं धरलेलं बी वापरताना हा धोका जास्त, कारण शेजारच्या कडू वेलीचा पराग आलेला असू शकतो. कुर्जेटलाही (झुकिनी) हेच लागू.

गवतीचहा

अवांतर: मे महिन्यात खणलेल्या वाफ्यात जे तण सर्वांत आधी माजतं, ज्याला इथे "फॅट हेन" म्हणून शिव्या घालतात, ते चाकवत आहे. तेच. कोवळ्या पानाची मागची बाजू आणि शेंडा पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा दिसतो, पाण्याचा थेंब टाकला तर न भिजता घरंगळतो. वीतभर असताना शेंडे खुडा, ताक आणि डाळीबरोबर पातळ भाजी. बाकी उपटून टाका, बी पडू देऊ नका. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि वर्षानुवर्षं उगवत राहतं. फक्त रस्त्याकडेच्या किंवा तणनाशक मारलेल्या वाटेजवळच्याला हात लावू नका. आणि पांढरी भुकटी दिसली नाही तर नाद सोडा, काळ्या नाइटशेडची रोपं त्याच वाफ्यात त्याच वेळी उगवतात.

नवीकुदळ

शेवटचे दोन प्रश्न. शेंबड्या गोगलगाईंनी मेथी एका रात्रीत संपवली तर काय? आणि टोमॅटो बाहेर लावू की नको?

मुळ्याचीशेंग

गोगलगाई: निळ्या गोळ्यांतलं मेटाल्डिहाइड १ एप्रिल २०२२ पासून बंद आहे. शेडमध्ये जुना डबा सापडला तर वापरू नका, कौन्सिलच्या घातक कचऱ्यात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण विरळ, ढीग करून नव्हे. मातीखालच्या गोगलगाईंना नेमाटोड्स (त्यांना मारणारे सूक्ष्म कृमी). माती ५ अंशांच्या वर आणि ओली हवी, झारीने द्यायचे, सहा आठवडे परिणाम टिकतो. पाणी संध्याकाळी घालायची सवय सोडा, सकाळी घाला. ओला वाफा रात्री त्यांना आमंत्रणच. मेथीला पहिले दहा दिवसच धोका, तेवढं सांभाळा.

विळाकोयता

टोमॅटो बाहेर लावायचे तर करपा सोसणाऱ्या जातीच: क्रिमसन क्रश, माउंटन मॅजिक. बटाट्यात सार्पो मिरा, किंवा सरळ लवकरच्या जाती, म्हणजे जुलै संपेपर्यंत काढून मोकळे. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही, आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली, की करपा येणार असं धरा. २०१७ पासून इथे इशारे याच "हटन निकषां"वर निघतात. पानाच्या कडेला तपकिरी, तेलकट डाग आणि दमट सकाळी मागे पांढरी बुरशी दिसली, तर बटाट्याचा सगळा पाला त्याच दिवशी जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर न्या. बटाटे लगेच खणू नका. दोन आठवडे जमिनीतच राहू द्या, साल घट्ट होते आणि वरचे बीजाणू मरतात. मग कोरड्या दिवशी काढा, आणि वाटाण्याएवढासुद्धा बटाटा मागे ठेवू नका, पुढच्या वर्षीचा करपा त्यातूनच उगवतो.